दंड आणि दाद

गेल्या नोव्हेंबरच्या २६ तारखेची गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून आम्ही सर्व मंडळी माजघरांत बसलों होतों. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्याचा तो स्मृतिदिन. तेव्हां बोलणें साहजिकच त्या हल्ल्यांत बळी पडलेल्या १६६ जीवांकडे वळलें. आमचा धाकटा पुतण्या पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहे. मुलगा सालस, पण तरुण रक्ताचा. तो एकाएकीं म्हणाला, "तात्या, ज्याला हातांत बंदूक असतांना पकडलें त्याचा खटला वर्षानुवर्षें चालवायचा, वर सरकारी खर्चानें त्याला वकील द्यायचा, हा कसला न्याय? देशाच्या जिवावर उठलेल्यांना कायद्याचें संरक्षण कशाला? सरकारनें धरावें आणि आंत ठेवावें. संपलें!"

घरांतील बहुतेकांनीं माना डोलावल्या. वहिनींनींहि "खरेंच आहे त्याचें" म्हणून दुजोरा दिला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. आमची दृष्टि समोरच्या भिंतीवरील काकांच्या तसबिरीकडे गेली होती. "सरकारनें धरलें आहे, तर कांहीं कारण असेलच," हें वाक्य याच माजघरांत पन्नास वर्षांपूर्वीं आम्हीं ऐकलें होतें. तें बोलणारे आमचे तीर्थरूप होते, आणि ज्यांस धरलें होतें ते त्यांचे सख्खे धाकटे बंधु होते.

पुतण्यास त्या रात्रीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तें आतां सावकाशपणें लिहून काढीत आहों. आमच्या वाचकांच्या घरींहि हा प्रश्न केव्हां ना केव्हां निघत असेल, म्हणून तें येथें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

१९७५ सालीं आम्ही अठरा वर्षांचे होतों. जुन्या अकरावीची परीक्षा, जिला आमच्या घरांत अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत, ती उत्तीर्ण होऊन एका शास्त्रीबोवांकडे कौमुदी शिकत होतों. घर एकत्र. वडील सरकारी कचेरींत कारकून. काका एका दुकानाचे हिशेब लिहीत आणि उरल्या वेळांत गांवच्या वाचनालयाचें चिटणीसपण सांभाळीत. एका विरोधी पक्षाच्या सभांस ते जात, वर्षाची वर्गणी देत. याहून अधिक राजकारण त्यांच्या हातून घडल्याचें कोणास ठाऊक नव्हतें.

त्या वर्षीं जूनच्या २५ तारखेस रात्रीं देशांत अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यांत आली. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशानें घटनेच्या १४, २१ व २२ या कलमांखालील हक्कांसाठीं न्यायालयांत दाद मागण्याची वाट बंद झाली. त्यानंतर दोनच दिवसांनीं 'मिसा' या १९७१ सालच्या कायद्यांत वटहुकुमानें अशी दुरुस्ती झाली कीं, स्थानबद्ध केलेल्या मनुष्यास त्याच्या स्थानबद्धतेचें कारण सांगण्याची गरज नाहीं. हीं कलमें व तारखा त्या वेळीं आम्हांस माहीत नव्हत्या. आम्हांस कळलें तें इतकेंच कीं, श्रावणांतल्या एका रात्रीं दार वाजलें आणि काकांना नेलें.

आलेला अधिकारी वाईट मनुष्य नव्हता. त्यानें पादत्राणें बाहेर काढलीं, काकांना चष्मा व पंचा घेऊं दिला, देवापुढें नमस्कार करूं दिला. आजी दारांत उभी होती. तिनें विचारलें, "काय केलें हो त्यानें?" तो खालीं पाहून म्हणाला, "आजी, तें मलाहि ठाऊक नाहीं. हुकूम आहे."

पुढें अठरा महिने आजीनें हाच एक प्रश्न ज्याला त्याला विचारला. कचेरींत वडिलांच्या ओळखीचे लोक होते. त्यांस ठाऊक नव्हतें. गांवांतील वकिलांस ठाऊक नव्हतें. तुरुंगांतून तपासून येणाऱ्या काकांच्या पत्रांत प्रकृति बरी असल्याचें असे, वाचनालयाच्या पुस्तकांची चौकशी असे. कारण मात्र नसे, कारण तें त्यांसहि कोणीं सांगितलें नव्हतें. वडिलांस नोकरीची धास्ती होती. ते म्हणत, "सरकारजवळ कांहीं तरी असल्याशिवाय एवढें करणार नाहीं." आप्तांचें येणें-जाणें थांबलें. आमच्या थोरल्या बहिणीचा जवळजवळ ठरलेला विवाह मोडला. वरपक्षानें कारण सांगितलें नाहीं. कारण न सांगण्याची रीत त्या वर्षीं सर्वत्र रूढ झाली होती.

आतां जें सांगावयाचें तें आजवर कोणाजवळ बोललों नाहीं. शास्त्रीबोवांनीं एकदां सहज विचारलें, "काका दिसत नाहींत हल्लीं?" आम्हीं उत्तर दिलें, "परगांवीं गेले आहेत." हें असत्य भीतीनें बोललों, तें एक वेळ क्षम्य धरतां येईल. पण त्यापुढें आमच्या मनांतच शंका शिरली. काकांनीं कांहीं तरी केलेंच असलें पाहिजे, आम्हांस ते सांगत नसले पाहिजेत, असें वाटूं लागलें. एके रात्रीं सर्व निजल्यावर आम्हीं कंदील घेऊन माळ्यावर गेलों आणि त्यांची लोखंडी पेटी उघडली. आंत वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या होत्या, ग्रंथांच्या याद्या होत्या, आणि दुरुस्तीस दिलेल्या एका घड्याळाची चिठ्ठी होती. तेवढेंच. पेटी पुन्हा होती तशी लावून आम्ही खालीं आलों. निरपराध मनुष्यास बंद करणें हा एक अन्याय. पण कारण न सांगतां बंद केलें म्हणजे त्या रिकाम्या जागेंत घरच्यांचाच संशय वस्तीस येतो, हें आम्ही त्या रात्रीं शिकलों.

या काळांत न्यायालयांत काय चाललें होतें, तें आम्हांस पुढें वाचनानें कळलें. आणि आमची एक पुतणी कायद्याचा अभ्यास करते, तिनें निकालपत्रें आणून दाखविलीं तेव्हां नीट उमगलें. स्थानबद्धांच्या वतीनें ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत अर्ज झाले होते. मागणें फार मोठें नव्हतें. बंदीस समक्ष हजर करावें व त्यास कोणत्या आधारानें ठेवलें आहे तें न्यायाधीशांस दाखवावें, एवढेंच. वकील मंडळी यास हेबियस कॉर्पस म्हणतात. नऊ उच्च न्यायालयांनीं सांगितलें कीं, आणीबाणी असली तरी असे अर्ज ऐकतां येतील. सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नांवानें तो खटला प्रसिद्ध आहे. पांच न्यायाधीशांपुढें तो चालला.

सुनावणींत न्यायमूर्ति हंसराज खन्ना यांनीं महान्यायवादी नीरेन डे यांस विचारलें कीं, एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानें खासगी वैरापायीं कोणास ठार मारलें, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणें न्यायालयांत दाद आहे कीं नाहीं? उत्तर आलें कीं, आणीबाणी आहे तोंवर नाहीं. १९७६ च्या एप्रिलच्या २८ तारखेस निकाल लागला. चार न्यायाधीशांनीं सरकारचें म्हणणें मान्य केलें. एकट्या खन्नांनीं भिन्न मत दिलें. कोणत्याहि सरकारास, आणीबाणींतहि, कायद्याच्या आधारावांचून कोणाचें जीवित वा स्वातंत्र्य हिरावतां येत नाहीं, असा त्यांच्या मताचा आशय होता. पुढें १९७७ च्या जानेवारींत सरन्यायाधीशपद सेवाज्येष्ठतेनें त्यांच्याकडे यावयाचें असतां तें त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीशांस देण्यांत आलें, आणि खन्नांनीं राजीनामा दिला.

येथें आमचा पुतण्या म्हणेल, "तात्या, तो काळ निराळा. तेव्हां सत्ताधाऱ्यांनीं विरोधकांस धरलें. मी बोलतों तें खऱ्या शत्रूंविषयीं." हा आक्षेप योग्य आहे व त्याचें उत्तर दिलेंच पाहिजे.

राज्यास दंड हवा, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशास गिळतो. आपल्या शास्त्रकारांनीं त्यास मात्स्यन्याय हें नांव दिलें. स्फोट झाल्यावर गुन्हेगार शोधण्यापेक्षां तो होण्यापूर्वीं हात धरणें बरें, हेंहि आम्ही मानतों. पण कौटिल्यानेंच असें सांगितलें आहे कीं, अतिकठोर दंडानें प्रजा त्रस्त होते, अतिमृदु दंडानें राजाचा अवमान होतो, आणि यथायोग्य दंडानेंच राजा आदरास पात्र होतो. तेव्हां सारा प्रश्न त्या 'यथायोग्य' शब्दांत सांठवला आहे. तो कोणी ठरवावयाचा?

याज्ञवल्क्यस्मृतींत व्यवहार, म्हणजे न्यायाचें काम, चार पायांचा सांगितला आहे. वादीनें आरोप मांडावा हा पहिला पाय. प्रतिवादीनें उत्तर द्यावें हा दुसरा. पुरावा व्हावा हा तिसरा, आणि निर्णय हा चौथा. खरा शत्रु कोणता व खोटा कोणता, हें पहिल्या तीन पायांवरून चालत गेल्यावरच चौथ्याशीं कळतें. काकांच्या बाबतींत आरोप नव्हता, उत्तर नव्हतें, पुरावा नव्हता; एकदम निर्णय होता.

आतां ज्या खटल्याचा आमच्या पुतण्यास राग येतो तो पाहूं. अजमल कसाब जिवंत हातीं लागला, कारण तुकाराम ओंबळे यांनीं त्याच्या बंदुकीची नळी आपल्या अंगाशीं धरून ठेवली व प्राण दिला. पुढें मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांतील खास न्यायालयांत खटला चालला. २०१० च्या मे महिन्यांत त्यास फांशीची शिक्षा झाली, २०११ सालीं उच्च न्यायालयानें व २०१२ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २०१२ च्या नोव्हेंबरच्या २१ तारखेस येरवड्यास ती अमलांत आली. हल्ल्यापासून चार वर्षांच्या आंत सर्व पायऱ्या पुऱ्या झाल्या. यामुळें देशाची सुरक्षितता कोठें ढळली? उलट, त्याचा गुन्हा सर्व जगापुढें पुराव्यानें सिद्ध झाला.

याच खटल्यांतील दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. कसाबबरोबर दोन भारतीय इसम आरोपी होते. त्यांनीं हल्लेखोरांस नकाशे पुरविले, असा आरोप होता. तिन्ही न्यायालयांनीं तो आरोप सिद्ध झाला नाहीं असें ठरवून त्यांस या खटल्यांत निर्दोष सोडलें. ज्या न्यायासनानें एकास फांशी दिली, त्याच न्यायासनानें त्याच क्रोधाच्या काळांत दोघांस सोडलें. 'सरकारनें धरावें आणि आंत ठेवावें' हा नियम असता, तर या तिघांत भेद करण्यास कोणतें साधन उरलें असतें?

हा विषय आपल्या लोकांस नवा नाहीं. १८९७ सालीं पुण्यास रँडचा वध झाल्यावर सरदार नातू बंधूंस १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनच्या आधारें धरून स्थानबद्ध करण्यांत आलें. त्यांच्यावर खटला झाला नाहीं. १८९९ सालीं त्यांची सुटका झाली. परक्या सरकारच्या या कृत्याविषयीं आमच्या आजोबांच्या पिढींतले लोक संतापानें बोलत. स्वराज्य आल्यावरहि स्थानबद्धतेचा कायदा राहिलाच. घटना समितींत १९४९ च्या सप्टेंबरांत डॉ. आंबेडकरांनीं आजचें २२ वें कलम मांडलें. जीवित व स्वातंत्र्य यांविषयींच्या २१ व्या कलमांत विधिमंडळाच्या हातीं फार सत्ता गेली, अशी टीका झाली होती. तिची कांहीं भरपाई म्हणून हें कलम आणीत आहों, अशी त्यांची भूमिका होती. त्या कलमानें खटल्यावांचून स्थानबद्ध करण्यास मुभा दिली, पण मर्यादाहि घातल्या. कारण लवकरांत लवकर कळवावें, त्याविरुद्ध म्हणणें मांडण्याची संधि द्यावी, आणि तीन महिन्यांहून अधिक ठेवावयाचें तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा. जी माहिती उघड करणें लोकहितास बाधक ती सांगूं नये, अशीहि सवलत सरकारास तेथेंच दिली आहे. म्हणजे गुप्त हेराचें नांव झांकून ठेवण्यास घटनेची आडकाठी नाहीं. मनुष्यास कां धरलें तेंच झांकण्यास मात्र तिनें मुभा दिलेली नव्हती.

आम्हीं आयुष्यभर मुलांस व्याकरण शिकविलें, म्हणून आम्हांस ही रचना उत्सर्ग आणि अपवाद या भाषेंत सहज कळते. सामान्य नियम तो उत्सर्ग. अपवाद त्याहून बलवान असतो, पण केवळ आपल्या क्षेत्रापुरता. आणि तें क्षेत्र आधीं स्पष्ट सांगावें लागतें. स्वातंत्र्य हा उत्सर्ग, स्थानबद्धता हा अपवाद. अपवादाचें कारण विचारण्यासच बंदी केली म्हणजे त्याची सीमा पुसली जाते, आणि मग शिल्लक राहतो तो नियम कोणता, हें सूत्रकारासहि सांगतां येणार नाहीं. शहा आयोगापुढें आलेल्या आंकड्यांप्रमाणें आणीबाणींत सुमारे ३५ हजार माणसें मिसाखालीं स्थानबद्ध होतीं. एवढा मोठा अपवाद कोणत्या व्याकरणांत बसेल?

सुदैवानें चूक दुरुस्त करण्याचें सामर्थ्य आपल्या राज्यघटनेंत निघालें. १९७८ सालच्या ४४ व्या दुरुस्तीनें 'अंतर्गत अशांतता' हे शब्द जाऊन 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले, आणि आणीबाणींतहि २० व २१ या कलमांची दाद बंद करतां येणार नाहीं असें ठरलें. त्या चार न्यायाधीशांपैकीं एक, न्यायमूर्ति भगवती, यांनीं उतारवयांत आपली चूक उघडपणें कबूल केली. दुसरे होते मूळचे पुण्याचे न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड. २०१७ च्या ऑगस्टांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणाच्या हक्काचा निकाल दिला, तेव्हां १९७६ चा तो निकाल चुकीचा म्हणून रद्द ठरविण्यांत आला. आणि हें ज्या निकालपत्रांत लिहिलें गेलें तें त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं लिहिलेलें होतें. पुत्राकडून व शिष्याकडून पराजय इच्छावा असें आपल्याकडे म्हणतात. वडिलांचा मान राखून वडिलांची चूक चूक म्हणणें किती कठीण, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस निराळें सांगावयास नको.

पण सर्व कांहीं मार्गीं लागलें असेंहि समजूं नये. स्थानबद्धतेची मुदत व सल्लागार मंडळ यांविषयींचा त्याच ४४ व्या दुरुस्तींतला भाग संमत होऊनहि आजतागायत अमलांत आलेला नाहीं. १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा चालू आहे. दहशतवादाविरुद्धच्या कायद्यांत आरोप सांगितला जातो, खटलाहि व्हावयाचा असतो. पण जामीन दुर्मिळ, आणि खटला लांबत गेला तर निर्णयापूर्वींच मनुष्याचीं वर्षें तुरुंगांत जातात. २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका प्रकरणांत सांगितलें कीं, खटला वाजवी मुदतींत संपण्याची आशा नसेल तर अशा कडक कायद्याखालींहि न्यायालयास जामीन देतां येईल. पूर्वीं पहिला पाय मोडत असे. आतां तिसऱ्या व चौथ्या पायांमधील अंतर फार वाढत आहे, एवढाच फरक. राज्यानें खुशाल कडक व्हावें. पण तुम्हीं ह्यास कां ठेवलें आहे, असें विचारणारा कोणी तरी राज्याहून निराळा मनुष्य असावा, आणि त्याला वेळेवर उत्तर द्यावें लागावें. दंडास दादेची जोड असणें ती हीच.

१९७७ च्या आरंभीं निवडणुका जाहीर झाल्यावर काका सुटून आले. वजन उतरलें होतें, केंस पिकले होते. त्यांनीं पाय धुतले, देवास व आजीस नमस्कार केला. आजीनें त्यांच्या तोंडावरून हात फिरविला आणि विचारलें, "काय रे, कशासाठीं नेलें होतें?"

काका म्हणाले, "आई, तें मला शेवटपर्यंत कोणीं सांगितलें नाहीं."

वडील शेजारीं उभे होते. ते एक शब्द न बोलतां परसांत गेले आणि बराच वेळ आंत आले नाहींत. दुसऱ्या दिवशीं काकांनीं माळ्यावरून आपली पेटी काढली, पावत्या जुळविल्या, आणि घड्याळाची चिठ्ठी घेऊन घड्याळ आणावयास गेले. पेटी कोणीं उघडली होती असें त्यांस वाटलें कीं काय, तें कळलें नाहीं. पुढें ते पंचवीस वर्षें जगले. आम्हीं त्यांस तें कधीं सांगितलें नाहीं.

हा अंक घरीं येईल तेव्हां आमचा पुतण्या तो वाचील. त्याला आमचें उत्तर पटो वा न पटो. पेटी अजून माळ्यावर आहे, ती त्यानें एकदां उघडून पाहावी.